भिंग तेच, चित्र अंधुक का?

दिवाळीपूर्वी घराची झाडलोट सुरू झाली म्हणजे माळ्यावरील लोखंडी पेट्या वर्षातून एकदा खाली उतरतात. यवतमाळातील एखाद्या जुन्या घरी अशा पेटीत, लग्नपत्रिका आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्या तळाशी, चामड्याच्या पिशवीत जपून ठेवलेला कॅमेरा निघावा, यात नवल नाही. समजा, तो जर्मनीतील म्युनिक येथे १९५० नंतरच्या दशकात तयार झालेला 'आग्फा इसोलेट' आहे. बटण दाबताच पुढचे झाकण उघडते, काळा भाता पुढे येतो आणि आजोबांनी ज्याने घरातील मुंजी-बारशी टिपली तो कॅमेरा पुन्हा हाती आल्याचा आनंद सर्वांस होतो. मात्र उजेडाकडे धरून पाहावे तो भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसतात, आणि अंतर लावण्याचे कडे तर मुळीच फिरत नाही.

घरातील एखादा हौशी तरुण मग घड्याळजीची अवजारे मिळवून भिंग खोलतो, काचा पुसून लख्ख करतो आणि सारे पूर्ववत जोडतो. मुंबईहून टपालाने १२० क्रमांकाची फिल्म मागविली जाते. तीही आता स्वस्त राहिलेली नाही. आजीचे, नातवंडांचे, अंगणातील तुळशीचे असे बारा फोटो निघतात. फिल्म धुऊन येते तेव्हा बाराही चित्रे अंधुक! मग "भिंग गेले" असा निकाल घरात एकमताने दिला जातो, आणि कॅमेरा शोभेच्या कपाटात तरी जातो, नाही तर भंगारवाल्याच्या तराजूत.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्याचा पुरावा त्याच पेटीत सापडतो. आजोबांनी काढलेल्या जुन्या निगेटिव्ह काढून पाहाव्यात. मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद रुळांवरून पूर्वी धावणाऱ्या 'शकुंतले'चे वाफेचे इंजिन, जे १९९४ साली कायमचे निवृत्त झाले, त्यांपैकी एखादीत उभे असेल. त्याच्या चाकांचे आरे, डब्याच्या खिडकीतील चेहरे सर्व रेखीव दिसते. जे चित्र या भिंगाने एकदा इतके स्पष्ट उमटविले, ते उमटविण्याचे सामर्थ्य त्या काचेतून जात नसते. काचेचा गोलावा वर्षे लोटली म्हणून बदलत नाही. बदलते ती काचांची जागा. भिंग जोडताना एखादी काच केसभर पुढे अगर मागे राहिली, एवढेच बहुधा घडलेले असते. आणि जे जागेवरून हलले ते पुन्हा जागेवर आणता येते.

भिंग खोलण्याची पाळी आपल्याकडे वारंवार का येते, हे प्रथम पाहणे उचित होईल. यवतमाळ हे गाव सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांस पोहोचणे तेथे नवे नाही, आणि जून लागल्यावर चार महिने हवा ओलसर असते. उन्हाळ्यात भिंगाच्या आट्यांतील ग्रीसमधील तेल निघून जाते व मागे चिकट, मेणासारखा थर उरतो. पावसाळ्यात चामड्याची पिशवी स्पंजाप्रमाणे ओल धरून ठेवते. अंधार, ओल आणि कोंदट हवा एवढे मिळाले की काचेवर बुरशी वाढू लागते. आग्फाच्या त्या काळातील कॅमेऱ्यांत वापरलेले हिरवट ग्रीस तर कालांतराने घट्ट होण्याबद्दल जगभरच्या दुरुस्तीकारांत प्रसिद्धच आहे. तात्पर्य, अवजार हाती घेणारा तरुण दोषी नव्हे. त्याला एक गोष्ट मात्र कोणी सांगितलेली नसते: काचा स्वच्छ करणे हे निम्मे काम झाले, त्या पूर्वीच्या अंतरावर बसविणे हे उरलेले निम्मे.

हे अंतर म्हणजे काय, ते समजण्यासाठी घरातील वाचण्याचे भिंग पुरेसे आहे. दुपारी खोली अंधारी करून एकच खिडकी उघडी ठेवावी आणि समोरच्या भिंतीजवळ भिंग धरून ते मागेपुढे करावे. एका ठराविक जागी भिंतीवर खिडकीबाहेरच्या झाडाचे उलटे, छोटे, पण रेखीव चित्र उमटते. भिंग थोडे सरकविले की ते विरघळते. दूरच्या झाडाऐवजी खोलीतीलच एखादा दिवा भिंतीवर उमटवावयाचा असेल तर भिंग भिंतीपासून अधिक दूर न्यावे लागते. वस्तू जवळ, तर चित्र भिंगापासून दूर. वस्तू दूर, तर चित्र भिंगाच्या जवळ. अतिशय दूरच्या वस्तूचे चित्र भिंगापासून जेवढ्या अंतरावर पडते, त्यास त्या भिंगाचे नाभ्यंतर म्हणतात.

इसोलेटच्या काही नमुन्यांत हे नाभ्यंतर ७५ मिलिमीटर असते. आता गणित करून पाहावे. क्षितिजावरील टेकडीचे चित्र भिंगामागे ७५ मिलिमीटरवर पडेल. दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे चित्र ७५.५७ वर, पाच मीटरवरील माणसाचे ७६.१४ वर, तीन मीटरवरील माणसाचे ७६.९२ वर, आणि एका मीटरवरील माणसाचे ८१.०८ वर. क्षितिजापासून दहा मीटरपर्यंतचे सारे जग, म्हणजे शेत, रस्ता, देऊळ, आकाशातील चंद्रसुद्धा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत सामावलेले आहे! डोक्याच्या केसाची जाडी मिलिमीटरच्या पंधराव्या भागाच्या आसपास असते हे ध्यानात घेतले, म्हणजे भिंग जोडताना किती बारकाव्याशी गाठ असते याची कल्पना येईल.

या अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने चित्राचे किती नुकसान होते? भिंगातून येणारे किरण शंकूच्या आकाराने फिल्मकडे येतात. शंकूचे टोक फिल्मवर टेकले तर बिंदूचा बिंदूच उमटतो. टोक पुढे अगर मागे राहिले तर बिंदूच्या जागी लहानशी टिकली उमटते. या टिकलीचा व्यास काढावयाचा तर चुकीच्या अंतराला छिद्राच्या आकड्याने भागावे. छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे ४.५ वर असेल आणि चूक ०.५७ मिलिमीटरची असेल, तर टिकली सुमारे ०.१३ मिलिमीटरची होते. चित्र चौपट मोठे करून कागदावर घेतले की तीच अर्ध्या मिलिमीटरची होते, आणि डोळ्यांच्या पापण्या, साडीचे काठ, पाटीवरील अक्षरे सारी एकमेकांत मिसळून जातात. उलट छिद्र लहान करून १६ वर आणले, तर त्याच चुकीने पडणारी टिकली चौपट मोठ्या चित्रातही ०.१४ मिलिमीटरच राहते आणि सहसा नजरेस येत नाही.

यावरून एका नेहमीच्या कोड्याचा उलगडा होतो. "दुपारी उन्हात काढलेले फोटो बरे आले, संध्याकाळी मांडवात काढलेले मात्र सारे बिघडले," असे लोक सांगतात आणि दोष उजेडावर घालतात. वस्तुतः दोष दोन्ही वेळेस तोच असतो. उन्हात लहान छिद्राने तो झाकला जातो आणि मंद उजेडात छिद्र उघडताच बाहेर पडतो. म्हणून जोडलेल्या भिंगाची परीक्षा नेहमी छिद्र पूर्ण उघडे ठेवूनच करावी.

आता भिंगाच्या आत डोकवावे. अशा कॅमेऱ्यांतील भिंग म्हणजे एकच काच नव्हे. इंग्लंडमध्ये १८९३ साली डेनिस टेलर यांनी तीन काचांची एक रचना सिद्ध केली: दोन बाजूंस दोन फुगीर काचा आणि मध्ये एक खोलगट काच. पुढे अनेक कारखान्यांनी ही रचना आपापल्या नावांनी बनविली. इसोलेटच्या 'अपोटार' भिंगाची जातही हीच. तीन काचा एकमेकींचे दोष दूर करतात; पण त्यासाठी त्यांच्यातील अंतरे अचूक असावी लागतात. किफायतशीर कॅमेऱ्यांत अंतर लावताना सबंध भिंग पुढेमागे होत नाही, फक्त पहिली काच फिरते. तिच्या व मधल्या काचेच्या दरम्यानची फट किंचित वाढली की जवळची वस्तू रेखीव होते. काच आत गेली की दूरची. त्यामुळे यंत्र सुटसुटीत झाले, पण सारी भिस्त त्या एका फटीवर येऊन पडली.

पहिल्या काचेचे घर मधल्या काचेच्या घरावर मळसूत्राने बसते. साध्या स्क्रूला आट्याची एकच सुरुवात असते. या घराला मात्र पुष्कळदा एकाशेजारी एक अशा अनेक सुरुवाती असतात, म्हणजे थोड्या फिरविण्याने काच भरपूर सरकते. याचा परिणाम असा की घर जोडताना ते अनेक ठिकाणी सारख्याच सहजतेने 'धरते', पण त्यांपैकी एकच जागा बरोबर असते. कुलूप दारातून वाटेल त्या किल्लीने उघडावे आणि आत मात्र निराळीच खोली लागावी, तशातला हा प्रकार. खोलणाराने घर सुटण्याच्या नेमक्या क्षणी दोन्ही भागांवर सुईने एकमेकांसमोर बारीक खूण केली असती, तर पुढील बहुतेक त्रास वाचला असता.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. ग्रीस घट्ट झाल्यामुळे पहिले आणि मधले घर एकमेकांस चिकटून बसतात. जोराने कडे फिरवावे तो दोन्ही मिळून शटरमधून सुटू लागतात. फिरविणारास वाटते, कडे मोकळे झाले. प्रत्यक्षात दोन काचांमधील फट तशीच राहिलेली असते आणि मधली काच आपल्या बैठकीवरून उठलेली असते. असे झाले असल्यास प्रथम दोन्ही घरे एकमेकांपासून सोडवून जुने ग्रीस पूर्ण काढणे अवश्य आहे. त्यासाठी लायटरमध्ये भरावयाचे पेट्रोल थेंबाथेंबाने आट्यांत सोडून रात्रभर मुरू द्यावे. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातील समई, उदबत्ती, स्वयंपाकाची शेगडी यांपासून दूर करावे, हे सांगणे न लगे. त्यानंतर मधले घर शटरमध्ये पूर्णपणे, पण जबरदस्ती न करता, बसवून घ्यावे. ते तिरपे अगर अर्धवट राहिले तर पुढील सारी मेहनत व्यर्थ जाते.

येथपर्यंत आल्यावर दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी दोष ओळखला पाहिजे. बिघडलेली फिल्म फेकून देऊ नये. ती या खटल्यातील मुख्य साक्षीदार आहे. चित्रातील प्रत्येक बिंदू एकाच दिशेस ओढला गेला असेल, तर हात हलला. भिंग निर्दोष आहे. रेषा जागच्या जागी असून सबंध चित्रावर दुधाची साय आल्यासारखी वाटत असेल, दिव्यांभोवती वलये पडत असतील, तर काच अजून मळलेली आहे अगर बुरशीने तिचा पृष्ठभाग खाल्ला आहे. चित्राची एक बाजू रेखीव आणि दुसरी अंधुक असेल, तर भात्याचे पुढचे फळकूट सरळ उभे राहत नाही अगर एखादी काच घरात तिरपी बसली आहे. मध्यभाग कसाबसा बरा आणि चारी कडा विरघळलेल्या, आणि कोणतेही अंतर लावले तरी फरक नाही, अशी स्थिती असेल तर एखादी काच उलटी बसली असावी. फुगीर काचेच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तरी सारख्या नसतात. नळीच्या दिव्याचे प्रतिबिंब दोन्ही बाजूंवर पाहावे. ज्या बाजूवर ते अधिक लहान दिसते ती अधिक फुगीर. कॅमेऱ्याच्या अशा भिंगात पहिल्या काचेची अधिक फुगीर बाजू सामान्यतः बाहेर, दृश्याकडे असते.

शेवटची शक्यता ही सर्वांत वारंवार आढळणारी आणि सर्वांत सोपी. ज्याचा फोटो घेतला तो अंधुक, पण त्याच्या पुढचे तुळशीवृंदावन अगदी स्पष्ट! म्हणजे भिंग उत्तम काम करीत आहे, फक्त कड्यावरचा आकडा खोटे सांगत आहे. काच हवी त्याहून बाहेर राहिली आहे. याउलट मागची भिंत स्पष्ट आणि माणूस अंधुक असेल, तर काच हवी त्याहून आत गेली आहे. क्षितिजासह सारेच अंधुक आणि वस्तू जितकी जवळ तितकी अधिक अंधुक असेल, तर ती इतकी आत गेली आहे की अनंताचीही सीमा ओलांडली गेली.

दुरुस्तीचे साहित्य थोडकेच आहे: एक घासलेली काच, घड्याळजीचे डोळ्यास लावावयाचे भिंग, बारीक स्क्रूड्रायव्हर, आणि कॅमेरा स्थिर ठेवण्यास तिवई. साध्या काचेचा बेताचा तुकडा कापून घ्यावा आणि कुरुंदाची अगदी बारीक पूड पाण्यात कालवून दुसऱ्या काचेवर तो गोल गोल घासावा. थोड्याच वेळात त्यास दुधी रंग येतो. कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले म्हणजे फिल्मच्या चौकटीलगत दोन बाजूंस चकचकीत पट्ट्या दिसतात. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यांच्या दोन जोड्या असतात आणि बाहेरची जोडी किंचित उंच असते. फिल्म आतल्या जोडीवर टेकते. म्हणून काचेचा तुकडा बाहेरच्या जोडीच्या मध्ये मावेल इतकाच असावा, आतल्या जोडीवर सपाट बसावा आणि त्याची घासलेली बाजू भिंगाकडे असावी. ही बाजू उलटी झाली तर काचेच्या जाडीएवढी चूक पहिल्याच पावलास पदरात पडते.

पुढील रीत ज्यांना आपल्या लग्नविधीतील अरुंधतीदर्शन आठवत असेल त्यांना अपरिचित वाटणार नाही. नववधूला एकदम बारीक अरुंधती दाखवीत नाहीत; प्रथम सप्तर्षी, मग त्यांतील वसिष्ठ आणि मग त्याच्या शेजारची ती क्षीण तारका. ढोबळाकडून सूक्ष्माकडे जाण्याच्या या मार्गास शास्त्रकारांनी न्यायाचे रूप दिले आहे. भिंगाचा फोकसही असाच लावावा.

प्रथम अंतराचे कडे त्याचे तीन लहान स्क्रू सैल करून काढून ठेवावे, म्हणजे पहिल्या काचेचे घर मोकळेपणाने फिरविता येते. शटर 'बी' अगर 'टी' वर उघडे अडकवून ठेवावे, छिद्र पूर्ण उघडावे आणि कॅमेरा तिवईवर बसवून गच्चीवरून दूरच्या वस्तूकडे रोखावा. दूर म्हणजे किती? ७५ मिलिमीटरच्या भिंगाला अर्ध्या किलोमीटरवरील वस्तू आणि अनंत यांच्यातील फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. म्हणून अर्धा किलोमीटर अगर अधिक अंतर पुरेसे आहे. यवतमाळसारख्या पठारावरील गावी त्याची वाण नाही. जिनिंगच्या कारखान्याचे धुराडे, पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, यांपैकी ज्याच्या कडा आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट असतील ते निवडावे. वेळ सकाळची असावी. वैशाखातील दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर जाते आणि मनोराच पाण्यात उभा असल्यासारखा हलतो. त्यावरून फोकस लावणे म्हणजे हलत्या तराजूत सोने तोलण्यासारखे आहे.

डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवरील उलटे चित्र प्रथम नुसत्या डोळ्यांनी पाहावे आणि घर फिरवीत ते ढोबळमानाने स्पष्ट करावे. मग घड्याळजीचे भिंग लावून एखादी बारीक रेघ, मनोऱ्याची आडवी सळई म्हणा, निवडावी. रेघ स्पष्ट झाली म्हणून तेथेच थांबू नये. स्पष्टतेच्या पलीकडे ती पुन्हा अंधुक होईपर्यंत जावे, परतावे, दुसऱ्या बाजूस अंधुक होईपर्यंत जावे, आणि दोन्हींचा मध्य धरावा. असे पाच वेळा करून प्रत्येक वेळी घराच्या काठावर पेन्सिलीने खूण करावी. पाचही खुणा जवळजवळ आल्या तर त्यांचा मध्य खरा. त्या विखुरल्या असतील तर घर आट्यांत डुगडुगत आहे अगर पाहणाराचा डोळा थकला आहे; काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

याहून बारीक परीक्षा रात्री होते. मनोऱ्याच्या टोकावरील दूरचा तांबडा दिवा दुधी काचेवर टिकलीसारखा दिसतो. ही टिकली जेथे सर्वांत लहान, तेथे फोकस. चंद्रही उपयोगी पडतो. या भिंगातून त्याचे बिंब काचेवर सुमारे ०.७ मिलिमीटरचे, मोहरीच्या दाण्याहून लहान, पडते. ते घड्याळजीच्या भिंगाखाली काठाशी रेखीव दिसले म्हणजे समाधान मानण्यास हरकत नाही.

पावसाळ्यात आकाश झाकलेले असते, आणि शहरातील सदनिकेत दूरचे काही दिसतही नाही. अशा वेळी प्रकाशाच्या एका जुन्या नियमाचा आश्रय घेता येतो: प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परतही येतो. दूरच्या वस्तूचे समांतर किरण भिंग फिल्मवर एकत्र आणते, तर फिल्मच्या जागी ठेवलेल्या वस्तूचे किरण भिंगातून समांतर होऊनच बाहेर पडले पाहिजेत. म्हणून फिल्मच्या जागी बारीक फुली कोरलेला फिल्मचा तुकडा सपाट बसवून मागून दिवा लावावा. समोर दुसरा कॅमेरा, दोन्ही भिंगे समोरासमोर येतील असा ठेवावा. बदलत्या भिंगांचा डिजिटल कॅमेरा यास उत्तम. त्याचे भिंग लांब नाभ्यंतराचे असावे आणि ते आधी दूरच्या वस्तूवर प्रत्यक्ष पाहून अनंतावर पक्के करून ठेवलेले असावे. त्याच्या पडद्यावर फुली रेखीव दिसू लागली की जुने भिंग अनंतावर बसले. दुसऱ्या भिंगाचे नाभ्यंतर पहिल्याच्या दुप्पट असल्यास चूक चौपट मोठी होऊन दिसते. त्यामुळे ही परीक्षा घरातल्या घरात होऊनही दुधी काचेपेक्षा काटेकोर ठरते.

अनंत सापडले की घर बोटाने स्थिर धरून त्यावर अंतराचे कडे असे बसवावे की त्यावरील अनंताची खूण, आडव्या ठेवलेल्या आठाच्या आकाराची, नेमकी दर्शक रेषेसमोर येईल आणि कडे अटकावाला टेकेल. तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच पूर्ण आवळला तर कडे सरकते. मग दुधी काचेवर पुन्हा पाहावे, कारण आवळताना घर हलणे ही नित्याची गोष्ट आहे.

आता जवळची परीक्षा. कडे एका मीटरवर लावावे, कॅमेऱ्यापासून फितीने एक मीटर मोजून तेथे वर्तमानपत्राचा कागद भिंतीस चिकटवावा. अनंत आणि एक मीटर दोन्ही जुळले, तर मधली अंतरे आपोआप जुळतील. अनंत जुळून जवळचे अंतर फारच चुकले, तर समजावे की काचांमधील मूळची फट बदललेली आहे: घर चुकीच्या सुरुवातीवर धरले आहे अगर मधली काच पूर्ण बसलेली नाही. अशा वेळी कडे फिरवून चूक झाकू नये. घर काढून पुढच्या सुरुवातीवर धरावे आणि सारे पुन्हा करावे. काम कंटाळवाणे आहे खरे. पण सुरुवाती मोजक्याच असतात आणि त्यांपैकी एक बरोबर असतेच.

या कामास परदेशी कारखानाच हवा, अशी समजूत असल्यास महाराष्ट्राचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू चित्रकार. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. कॅमेरा घडविणारास भिंग आणि फिल्म यांतील अंतर कोणी आखून दिलेले नसते. ते स्वतः शोधून, पाहून, पुन्हा पाहून पक्के करावे लागते. ज्या प्रांतात शंभर वर्षांपूर्वी सबंध कॅमेरा हाताने उभा राहिला, तेथे एका काचेची जागा शोधणे अशक्य नाही.

तथापि काही सावधगिरी अवश्य आहे. भिंग स्वच्छ आणि कडे सैल फिरणारे असेल तर केवळ उत्सुकतेपोटी ते उघडू नये. बुरशीने काच खाल्ली असेल तर कितीही अचूक फोकसाने ती भरून येणार नाही. चित्र रेखीव होईल, पण किंचित फिकट राहील, आणि तेवढे पत्करावे. दोन काचा एकमेकींस डिंकाने चिकटविलेल्या असतील तर त्या वेगळ्या करण्याच्या भरीस पडू नये. दुरुस्तीनंतर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उजेडात काढावा. कोणत्या दिवशी, कोणती काच, कोणत्या खुणेवर बसविली हे कागदावर लिहून तो कागद डब्यातच ठेवावा. आज ज्याने भिंग खोलले त्याला आजोबांच्या हातची अशी एखादी चिठ्ठी मिळाली असती तर बारा चित्रे वाया गेली नसती.

शेवटी दुसरी फिल्म घालावी आणि पहिले चित्र, कडे दोन मीटरवर लावून व छिद्र पूर्ण उघडून, घरातील सर्वांत वडील माणसाचे घ्यावे. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या एकेक वेगळ्या उमटल्या, तर भिंग आपल्या जागी आले आहे. धुराडी पडतात, गाड्या बंद होतात, माणसे जातात. त्यांची चित्रे तेवढी स्पष्ट राहावीत म्हणून एका काचेला तिची जागा परत मिळवून देण्यासाठी एखादी सकाळ खर्ची पडली, तर ती फुकट गेली असे कोणी म्हणणार नाही.